ताडपत्रीखालच्या गाडीच्या मालकांना खुले पत्र

स. न. वि. वि.

तुमच्या गॅरेजमध्ये एक गाडी उभी आहे, डोंगर-दगडांत चालवायला तुम्ही स्वतः बनवायला घेतलेली. तिला चाकं आहेत, ॲक्सल आहेत, इंजिन बसलंय. ते एकदा सुरूही झालं होतं आणि त्या अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तुम्ही भेटेल त्याला दाखवला होता. मग ताडपत्री आली. ताडपत्रीवर धूळ बसली. घरच्यांनी हळूहळू बॉनेटचा माळा करून टाकला: रिकामी खोकी, जुना पंखा, लहानपणीची सायकल. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "झालीच आहे, थोडंच राहिलंय."

या 'थोडंच'शी माझी जुनी ओळख आहे. माझं थोडंच चार वर्षं चाललं. जुन्या चॅसिसवर मजबूत ॲक्सल, पुढे कॉइल स्प्रिंग आणि रेडियस आर्म (ॲक्सलला चॅसिसशी धरून ठेवणारे दांडे), मागे कमानपाटे, २८ इंचीच्या जागी ३३ इंची टायर, एवढं सगळं दीड वर्षात उरकलं होतं. उरलेल्या 'थोड्या'ला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागला. हे पत्र लिहिण्याचा अधिकार मला तेवढ्यावरूनच आहे. मी धंद्याने मेकॅनिक नाही, तुमच्यातलाच एक आरंभशूर आहे.

चॅसिसवर ग्राइंडर चालवताना आपल्या अंगात वीर संचारलेला असतो. रोज रात्री दिवा मालवताना गाडी सकाळपेक्षा वेगळी दिसते. शेवटच्या कामांचं तसं नाही. ब्रेकच्या नळीला क्लिपा मारल्या, ॲक्सलच्या ब्रीदरला (आतली हवा ये-जा करण्याच्या तोंडाला) लांब नळी जोडली, अर्थच्या वायरीखालचा रंग खरवडला. दिवस गेला, पाठ मोडली, आणि गाडी दिसायला होती तश्शी. इथेच आपण ताडपत्री ओढतो. दुसरं एक कारण आहे, ते कबूल करायला मला जास्त वेळ लागला. ताडपत्रीखालची गाडी मनातल्या मनात कुठलाही चढ चढते. बाहेर काढली की तिचं स्टीअरिंग ओढणार, ती कुठेतरी गळणार, आणि तो सगळा दोष आपला असणार.

म्हणून माझी विनंती एकच आहे. रंग, सीटची कव्हरं, छपरावरचे दिवे यांच्या आधी गाडी स्वतःच्या इंजिनावर दाराबाहेर काढा आणि चालवा. बिनरंगाची, प्रायमरची, हवी तर एकाच सीटची. त्या पहिल्या फेरीला जे काम लागत नाही ते यादीतून खोडा.

माझ्या यादीत त्या वेळी ६३ कामं होती. एका रविवारी मी प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारला: हे केलं नाही तर गाडी चालणार नाही, थांबणार नाही, वळणार नाही किंवा पेटेल का? उत्तर 'हो' आलं ते फक्त १९ कामांना. विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र, बाद झालं. (विंचबद्दल जाता जाता: त्यावर लिहिलेली ओढण्याची ताकद ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाची असते. दोर जितका जास्त गुंडाळलेला, तितकी ताकद कमी. विकत घेताना हे कुणी सांगत नाही.) छपरावरचं कॅरियर बाद झालं. 'अजून दोन इंच उंच करू' हे तर मी लाल पेनाने खोडलं.

त्या दोन इंचांचा मोह सगळ्यांनाच असतो, म्हणून थोडा हिशेब मांडतो. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर आडव्या उतारावर उभी गाडी कागदावर ४७ अंशांपर्यंत कलंडत नाही. असे इंच जमत जाऊन गुरुत्वमध्य १२ सेंटिमीटर वर गेला की तोच कोन ४२ वर येतो. खऱ्या जगात उताराकडचे स्प्रिंग दबतात, त्या बाजूचे टायर चेपतात, गाडी हलत असते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून बराच खाली असतो. उंची लागते ती दगडावर पोट घासू नये एवढीच. त्यापुढची फोटोसाठी.

आता ब्रेक. इथे मी रेंगाळणार आहे, कारण माझे तीन शनिवार-रविवार इथेच गेले.

नवीन ॲक्सल, नवीन कॅलिपर (चाकापाशी ब्रेकचे पॅड दाबणारे), नवीन नळ्या. पेडल दाबलं की स्पंजावर पाय ठेवल्यासारखं. हवा काढली. पुन्हा काढली. बाटल्यांमागून बाटल्या ब्रेक ऑइल ओतलं, शेवटी पेडलचा दाब नळ्यांत ढकलणारा मास्टर सिलिंडरसुद्धा बदलला. पेडल तसंच. तिसऱ्या रविवारी एक मित्र सहज डोकावला, टॉर्च घेऊन चाकाखाली आडवा झाला आणि म्हणाला, "अरे, हा निपल खाली कसा?" मी उजव्या बाजूचा कॅलिपर डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे बसवला होता. दोन्ही बोल्ट बसतात, पॅड बसतात, सगळं अगदी बरोबर दिसतं, फक्त हवा काढायचा निपल तळाशी येतो. हवा तर वर जाऊन बसते. मी तीन आठवडे तळातून स्वच्छ ऑइल काढत होतो आणि बुडबुडा वर आरामात होता. कॅलिपर अदलाबदल करायला अर्धा तास लागला. मित्राने अजून तो विषय सोडलेला नाही.

तुमची गाडी काही वर्षं उभी असेल तर आत पडून राहिलेलं ब्रेक ऑइल आधी बदला. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डीओटी ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) चं नवीन ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे; पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ धरलेला आहे. लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलं, त्यात वाफ झाली, की पेडल सरळ फळीला टेकतं. लोखंडी नळीचं तोंड दुहेरी फुलवलेलं हवं. नळाला लावतात तसला दाबून बसवायचा जोड ब्रेकच्या नळीत चालत नाही, कितीही घट्ट वाटला तरी. सगळं झाल्यावर पेडल जोरात दाबून मिनिटभर तसंच धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय, किंवा मास्टर सिलिंडरची सीलं आतल्या आत सोडतायत. दोन्ही गोष्टी दाराच्या आतच कळलेल्या बऱ्या.

मोठ्या टायरचा ब्रेकशी संबंध बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. २८ चे टायर ३३ झाले की चाकाचा परीघ १८ टक्क्यांनी वाढतो. चाक म्हणजे एक तरफ, आणि ती लांब झाली. तेवढंच पेडल दाबलं तर गाडी सुमारे १५ टक्के कमी जोराने थांबते. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा तुम्ही ५९ ने जात असता. आणि ३.७३ चा क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरची जोडी) ३.१६ चा असल्यासारखा वागतो, म्हणजे चढावर इंजिन गुदमरतं. पूर्वीचा जोर परत हवा असेल तर ४.४० च्या आसपासचं गुणोत्तर लागतं. बऱ्याच ॲक्सलांना ४.१० किंवा ४.५६ मिळतं, त्यातलं ४.५६ घ्यावं. मी आधी टायर घेतले आणि मग हे गणित केलं. तुम्ही उलट करा.

पुढची गोष्ट करायला एक दिवस लागतो आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. चॅसिस स्टँडवर ठेवा (जॅकवर नाही, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याशी मला काही बोलायचं नाही). मग पुढचे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर चक्क काढून टाका. जॅकने ॲक्सल वर घ्या, पार बंप स्टॉपला (ॲक्सलला वर अडवणाऱ्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत. मग खाली सोडा. मग एक बाजू वर, एक बाजू खाली. प्रत्येक वेळी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि बघत बसा. टायर कुठे घासतोय? टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) इंजिनच्या संपला (तळाच्या ऑइलच्या भांड्याला) लागतोय का? प्रॉपेलर शाफ्टचा (ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याचा) सरकता जोड खाली आल्यावर निसटायला आलाय का, वर गेल्यावर आतून ठोकतोय का? वर जाताना बंप स्टॉपने अडवायला हवं, शॉकने नाही. शॉकचं काम धक्का जिरवायचं, अडसर व्हायचं नाही.

माझ्या गाडीत ॲक्सल पूर्ण खाली आणि स्टीअरिंग पूर्ण डावीकडे असताना उजव्या चाकाची ब्रेकची रबरी नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली. बोटाने छेडली तर वाजली असती. हे मला गॅरेजमध्ये कळलं, शून्य वेगाला. डोंगरात कळलं असतं तर बहुधा पुढचं चाक खड्ड्यात लोंबकळत असताना आणि पाय पेडलवर असताना कळलं असतं.

उंची वाढवल्यावर गाडी रस्त्यावर दारूड्यासारखी का चालते, त्याचं कारण बहुतेक वेळा कॅस्टर असतं, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव. सायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते. गाडीच्या नकलचंही (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचंही) तसंच. रेडियस आर्म साधारण ९० सेंटिमीटरचा असेल आणि तुम्ही १० सेंटिमीटर उंची वाढवली, तर ॲक्सल सहा अंशांच्या आसपास फिरतो. मुळातला कॅस्टर तीन अंशांचा असेल तर तो शून्याच्याही खाली गेला. मग वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि गाडी रस्ताभर डुलते. एका बाजूला सरकवलेल्या छिद्राचे बुश मिळतात, त्यांनी ॲक्सल परत फिरवता येतो. पण ॲक्सल फिरवला की पिनियनचं, म्हणजे शाफ्ट जोडतो त्या टोकाचं, तोंड खाली जातं आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. एकाला सावरावं तर दुसरा रुसतो. खरा उपाय म्हणजे ॲक्सलच्या टोकांना नकल कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करणं. ते काम मी स्वतः केलं नाही, रोज वेल्डिंग करणाऱ्या हाताकडे दिलं. घरच्या गॅरेजमध्ये बनवली म्हणजे प्रत्येक टाका आपणच घातला पाहिजे, असा नियम नाही.

शाफ्टच्या कोनाचा विषय निघालाच आहे तर: साध्या क्रॉसचा जोड, ज्याला शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचं नाव आहे, तो वाकलेला असताना एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. २० अंशांवर हा चढउतार दोन्ही बाजूंना सहा-सहा टक्के असतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस त्याच कोनात असेल आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे चिमटे) एका रेषेत असतील तरच हिशेब मिटतो. शाफ्ट खोलून जोडताना सरकत्या जोडाचा एक दात इकडेतिकडे झाला तरी गाडी थरथरते आणि माणूस टायरचं बॅलन्सिंग करत बसतो. खोलण्याआधी दोन्ही भागांवर पंच मारून खूण करा.

वायरिंगची भीती मला सगळ्यात जास्त होती, आणि तेच काम सगळ्यात शांतपणे झालं. कारण घाई केली नाही. रोज एकच सर्किट. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, दिव्याला नाही. म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासली तर मध्ये पडणारं कुणीच नसतं. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरीला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं. रिलेवरचे (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचच्या टोकांवरचे) ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे पाठच करून टाका, फार नाहीत. आणि इंजिन ते चॅसिस अशी जाड अर्थची पट्टी विसरू नका. ती नसेल तर स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जातो आणि ती केबल तापून जळते. तीन दिवस केबल का जळते म्हणून डोकं खाजवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतला एक मी.

वेल्डिंगबद्दल चारच गोष्टी, पण त्या जिवावरच्या आहेत. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग वेल्ड केला तर फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे. डब्यावरचा मजकूर वाचा, आणि शंका असेल तर त्याने पुसूच नका. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्ड करताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मुलामा घासून काढा, दार उघडं ठेवा. पेट्रोलची टाकी त्या खोलीतही नको. काम संपलं की लगेच कुलूप लावून जेवायला जाऊ नका, अर्धा तास तिथेच थांबा. ठिणगी कुठल्या चिंधीत जाऊन बसली आहे ते लगेच दिसत नाही.

रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) लावला असेल तर आणखी एक. हेल्मेट आणि नीट पट्टे नसताना डोक्याजवळचा उघडा पाइप अपघातात पाइपच असतो, संरक्षण नाही. पॅडिंग लावा.

आणि तुमच्या गाडीतले बदल जिथे राहता तिथल्या नोंदणीच्या नियमात बसतात का, ते रंगाच्या डब्यापेक्षा आधी बघा. तपासणारा अधिकारी शत्रू वाटतो खरा. पण ब्रेकची नळी कुठून नेली आणि स्टीअरिंगचा जोड कुणी वेल्ड केला हे त्याचे प्रश्न माझ्या घरच्यांनी आधी विचारायला हवे होते.

आता पहिली फेरी. माझी फेरी वीस पावलांची होती. लो रेंज (गाडी अगदी हळू पण जास्त जोराने चालवणारी गिअरची जोडणी), पहिला गिअर, दारापासून फाटकापर्यंत, ब्रेक, रिव्हर्स, परत. उतरलो, गाडीखाली जाऊन प्रत्येक जोडाला हात लावून पाहिला. एक थेंब सापडला, क्लचच्या नळीला. दुसऱ्या दिवशी मोकळ्या सपाट जागेत थोडं लांब. नवीन क्राउन-पिनियन बसवला असेल तर पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटंच चालवा, वजन न ओढता, आणि मग पूर्ण थंड होऊ द्या. साधारण ८०० किलोमीटरनंतर त्याचं ऑइल बदला, त्यात चमकणारी कणी निघेल. चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. मी प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढली होती. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. पानाही न लावता कळतं.

ब्रीदरचं काम त्या १९ मध्ये नव्हतं, पण पाण्यात जायच्या आधी करा. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ॲक्सल पाणी आत ओढतो, बहुधा सीलांमधून. नळी वर, बॉनेटच्या उंचीपर्यंत नेली की तो वरून कोरडी हवा घेतो. मापाची नळी आणि दोन क्लिपा, एवढंच लागतं.

दोन महिने मी गाडी राखाडी प्रायमरमध्ये चालवली. त्या दोन महिन्यांत सायलेन्सरची नळी चॅसिसला ठोकत होती ती कापून वळवली, पुढचे मडगार्ड आणखी तीन सेंटिमीटर कापले, बॅटरीची जागा बदलली, स्टीअरिंगच्या शाफ्टला घासणारी एक पट्टी काढली आणि तीन ठिकाणी नवीन ब्रॅकेट वेल्ड केले. आधी रंग दिला असता तर यातलं प्रत्येक काम करताना जीव वरखाली झाला असता, आणि खरं सांगायचं तर निम्मी कामं मी केलीच नसती. रंगावर ग्राइंडर चालवायला हात धजत नाही. मग 'चालतंय तसं चालू दे' म्हणत आपण घासणारा टायर तसाच ठेवतो. रंग शेवटी दिला. रोलरने. दहा पावलांवरून छान दिसतो, आणि त्याहून जवळ येणाऱ्याला मी इंजिन दाखवतो.

खोडलेल्या ४४ कामांपैकी पुढच्या वर्षात मी अकरा केली. बाकीची आठवतही नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ताडपत्री घडी करून ठेवलेला एक

ता. क. गॅरेजच्या दाराची उंची आजच मोजा. मोठ्या टायरनी गाडी सहा सेंटिमीटर वर जाते, स्प्रिंगनी दहा, आणि या सगळ्याच्या वर आपण आतच उभं राहून हौसेने केज वेल्ड करतो. पहिल्या फेरीच्या दिवशी माझी गाडी दारापेक्षा चार सेंटिमीटर उंच निघाली. चारही टायरची हवा काढली, घरातली सगळी माणसं आत बसवली आणि तिला इंचाइंचाने बाहेर काढली. वरचा रंग तेवढा चौकटीला लागला, आणि तोही प्रायमरचाच. हवा भरल्यावर ती आत मावत नाही, त्यामुळे तेव्हापासून बाहेरच असते. गॅरेज मोकळं झालंय. मध्ये फक्त लहानपणीची सायकल आहे, सुटी करून ठेवलेली. तिचं थोडंच राहिलंय.